कोर्स ११ टक्क्यांवर अडकलाय, आता ७२ हजारांचा घेऊ का?

"ताई, मी बदलापूरला राहते, वय ३६, फोर्टला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, बी.कॉम. झालंय. ऑफिसात हल्ली सगळं एमआयएस रिपोर्ट (साहेबांना द्यायचे आकड्यांचे अहवाल) नि डॅशबोर्ड (तेच आकडे एका पानावर तक्त्या-चित्रांत) असंच चाललंय, नव्या मुली पटापट करतात, माझं एक्सेलमधल्या व्ही-लुकअपच्या पुढे घोडं जात नाही. गेल्या वर्षी सेल होता म्हणून ४९९ला एक्सेल आणि डेटा ॲनालिटिक्सचा रेकॉर्डेड कोर्स घेतला, जाता-येता ट्रेनमध्ये बघायचा असं ठरवलं होतं, ११ टक्क्यांवर अडकलाय. त्याच्या आधीचा एक ४ टक्क्यांवर आहे. आता एका कंपनीच्या काउन्सेलरचा रोज फोन येतो, सहा महिने लाइव्ह क्लास, ७२,००० रुपये, महिना ३,००० ईएमआय. मिस्टर म्हणतात यूट्यूबवर सगळं फुकट आहे. नणंद म्हणते त्यापेक्षा डिस्टन्सने एम.कॉम. कर. ऑनलाइन शिकायचं तर यातलं कुठलं चांगलं? आणि खरं सांगा, मी आळशी आहे का?"
एक वाचक, बदलापूर

अगं, शेवटचा प्रश्न आधी घेते. पहाटे पाचला उठून दोन डबे भरून कर्जतहून भरून आलेल्या गाडीत स्वतःला कोंबणारी बाई आळशी कशी काय असते हे मला कोणीतरी समजावून सांगा. (अगं-तुगं करतेय, मी ६१ची आहे, चालवून घे.)

आणि ते ११ टक्के मनाला लावून घेऊ नकोस. हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर जे फुकट कोर्स टाकले होते त्यांचा २०१२पासूनचा हिशोब एमआयटीच्याच दोघा संशोधकांनी २०१९ साली सायन्स या साप्ताहिकात मांडला होता, त्यात २०१७-१८ला कोर्सला नाव घातलेल्या दर शंभर जणांतले जेमतेम तीन शेवटपर्यंत गेले होते. आता त्यातले बरेचसे नुसते डोकावायला आलेले असणार, दुकानात शिरून भाव विचारून बाहेर पडतो ना आपण तसे. पण ज्यांनी सर्टिफिकेटसाठी पैसे मोजले होते त्यांच्यातसुद्धा पूर्ण करणारे शंभरात ४६च. म्हणजे खिशातून पैसे गेले की माणूस आपोआप शिकतो असं जे आपल्याला वाटतं, आणि तो काउन्सेलर तुला हेच पटवतोय बघ, 'मॅडम फी भरली की सिरियसनेस येतो', ते अर्धंच खरं आहे.

तुझ्या पत्रातला मला खटकलेला शब्द वेगळाच आहे. ट्रेनमध्ये.

तू एक्सेल शिकत होतीस. म्हणजे हाताचं काम, पोळी लाटण्यासारखं. आणि ते तू शिकत होतीस कुठे तर लेडीज डब्यात दाराजवळ उभी राहून, एक हात वरच्या हँडलला, दुसऱ्या हातात मोबाइल, खांद्यावर कोणाची तरी पर्स, आणि पाच इंची स्क्रीनवर तो सर सांगतोय की आता बी-टू सेल सिलेक्ट करा. कशाने करणार, नाकाने? पोळ्या कशा लाटायच्या याचे व्हिडिओ ट्रेनमध्ये वर्षभर बघितले तरी पहिली पोळी ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखीच होणार. तुझा कोर्स वाईट होता का तर मला माहीत नाही, चांगलाही असेल, पण तुझ्याकडे जो वेळ होता त्या वेळात हात मोकळे नव्हते आणि जे शिकायचं होतं त्याला हातच लागतात, एवढी साधी गोष्ट कोर्स विकणाऱ्याने विचारली नाही आणि तुझ्याही लक्षात आली नाही.

म्हणून 'कुठलं चांगलं' याला माझ्याकडे एका शब्दात उत्तर नाही. दिवसातल्या कुठल्या वेळी तुझे हात, कान, डोळे यातलं काय रिकामं असतं ते आधी बघायचं, आणि एखाद्या दिवशी तू दांडी मारलीस तर ते कोणाला कळतं हे बघायचं. या दोन प्रश्नांवर एकेक प्रकार घासून बघू.

रेकॉर्डेडपासून सुरू करते कारण त्याला उगाच शिव्या पडतात. मी लालबागला वीसेक वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवलाय, डॉसपासून टॅलीपर्यंत सगळं शिकवलं, आणि वर्गात तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला लाजणाऱ्या बायका मी इतक्या बघितल्यात की रेकॉर्डेड लेक्चर हे त्यांच्यासाठी वरदान आहे असं मी शपथेवर सांगेन. दहादा मागे घे, कोणी उसासा टाकत नाही. सर भरभर बोलतात तर स्पीड कमी कर, पाल्हाळ लावतात तर दीडपट कर. इंग्रजी उच्चार कळला नाही तर सबटायटल लाव. मूल आजारी पडलं, पाहुणे आले, गणपती आले, कोर्स तिथेच थांबून राहतो. वाईट काय तर हेच, तो तिथेच थांबून राहतो! तू आठ महिने उघडला नाहीस तरी त्याला काही वाटत नाही.

आणि दुसरी एक गोम आहे. बघताना सगळं कळतंय असं वाटतं. याच्यावर रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग केला होता, मुलांना उतारे दिले, काहींना तेच परत परत वाचायला लावलं आणि काहींना एकदा वाचून झाल्यावर मिटून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा उलटं झालं, मिटून लिहिणारे पुढे गेले. आपल्या शाळेतल्या बाई पाढे म्हणून घ्यायच्या त्या काही उगाच नव्हत्या. तर व्हिडिओ बघून लगेच पुढचा व्हिडिओ लावणं म्हणजे परत परत वाचणंच. आणि व्हिडिओ केवढा असावा, तर एडएक्सच्याच ६९ लाख व्हिडिओ सेशन्सचा २०१४ साली अभ्यास झालाय, त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही मोठा असो माणसं साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात. तुझ्या ४९९वाल्या कोर्समधली लेक्चर्स किती मिनिटांची आहेत ते एकदा बघ. चाळीस-पन्नासची असतील तर अर्धा दोष तिथेच आहे.

माझंही सांगते, नाहीतर म्हणशील ताई गादीवर बसून उपदेश करतायत. रिटायर झाल्यावर मला मोडी शिकायची हौस आली, सासऱ्यांच्या ट्रंकेत जुनी कागदपत्रं होती ती वाचायची होती. रेकॉर्डेड कोर्स घेतला, छान होता, मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घेतात आणि मग खाली अक्षरं लटकवत जातात, हात न उचलता, ते सगळं त्या बाईंनी नीट दाखवलं होतं. मी महिनाभर वही भरली आणि माझी मी खूश. मग एका ओळखीच्यांनी रविवारच्या छोट्या लाइव्ह बॅचमध्ये ओढलं, आम्ही पाचजण, चौघं माझ्यासारखी पांढऱ्या केसांची, गुरुजींना गृहपाठाचा फोटो पाठवायचा. पहिल्याच फोटोवर त्यांनी विचारलं, तुम्ही प्रत्येक अक्षराला पेन उचलताय का हो? उचलत होते! महिनाभर चूकच पक्की करत होते. व्हिडिओतल्या बाईंना माझी वही कशी दिसणार?

लाइव्ह क्लासची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे, की तुझी वही कोणीतरी बघतं. बघत नसेल तर तो लाइव्ह नाही, ठरलेल्या वेळी लागणारा टीव्ही आहे. दोनशे जणांची बॅच, सगळ्यांचे माइक बंद, चॅटमध्ये प्रश्न टाकायचे आणि ते कोणी तिसराच वाचून 'विल गेट बॅक' म्हणणार, याला लाइव्ह म्हणून बहात्तर हजार घेतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी पण माझी बॅच ऑनलाइन नेली होती ना, २२ नावं स्क्रीनवर, सगळ्यांचे कॅमेरे बंद, एकदा मध्येच मी एका मुलाला प्रश्न विचारला तर त्याच्या आईने माइक सुरू करून सांगितलं तो आंघोळीला गेलाय. तेव्हापासून मी आठ-आठच्या तुकड्या केल्या आणि प्रत्येकाला दहा मिनिटांत एकदा तरी बोलायला लावायचे, मग जरा जीव आला त्याच्यात. कष्ट तिप्पट झाले, फी तीच.

आणि तुझ्या बाबतीत वेळेचा घोळ वेगळाच. काउन्सेलरचा क्लास असणार संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ (तू लिहिलं नाहीस पण बहुतेक असेच असतात, नोकरीवाल्यांसाठी म्हणून). साडेसातला तू कुठे असतेस? ठाणे-डोंबिवलीच्या मध्ये कुठेतरी. घरी पोचून कुकर लावेपर्यंत पाऊण क्लास संपलेला. मग त्याचं रेकॉर्डिंग बघशील, म्हणजे फिरून परत रेकॉर्डेडवरच आलीस, फक्त ४९९च्या जागी ७२,००० देऊन. शनिवार-रविवारची बॅच असेल तर गोष्ट निराळी, पण मग रविवारची तुझी झोप आणि मुलांचा अभ्यास त्यातून वजा कर आणि मगच हो म्हण.

तरी घ्यायचंच मनात असेल तर त्याला तीन गोष्टी विचार, आणि उत्तरं लेखी माग, व्हॉट्सॲपवर चालतील. एका बॅचला किती माणसं. माझी असाइनमेंट कोण तपासणार, शिकवणारा की दुसरा कोणी, आणि किती दिवसांत. आणि चालू असलेल्या बॅचमध्ये, डेमोसाठी सजवलेल्या क्लासमध्ये नव्हे, मला एक तास बसू द्याल का. तिसऱ्याला तो कां-कूं करायला लागला की फोन ठेव.

त्या ईएमआयबद्दल थोडं जास्त बोलते, कारण यात माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी पोळल्यात. बहुतेक वेळा हा हप्ता क्लासला जात नसतो, तो कर्जाचा हप्ता असतो, कुठल्या तरी बँकेचा किंवा एनबीएफसीचा, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीचा. ते लोक क्लासला सगळे पैसे एकदम देऊन मोकळे होतात आणि तू त्यांची कर्जदार होतेस. तुला क्लास आवडला नाही, शिकवणारा बदलला, क्लासच बंद पडला, तरी हप्ता कापला जातो आणि चुकवलास तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीतली तुझी पत, खराब होतो, उद्या घराचं कर्ज घ्यायला गेलीस की हे भूत उभं राहतं. एकीचं असंच झालं, ती चौथ्या महिन्यात क्लास सोडून बसली आणि हप्ते पुढे वीस महिने भरत राहिली. रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जांसाठी नियम आहेत, त्याप्रमाणे सही करायच्या आधी कर्जाचा सगळा खर्च एका कागदावर मांडून तुला द्यावा लागतो, आणि कर्ज घेतल्यावर एक कूलिंग-ऑफची मुदत असते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंड न भरता बाहेर पडता येतं. ती मुदत किती दिवसांची आहे ते त्या कागदावर शोध. आणि 'नो कॉस्ट ईएमआय' असेल तर एकच प्रश्न, रोख भरले तर किती? तिथे बहात्तरचे बासष्ट झाले तर कॉस्ट कुठे लपली होती ते कळलं. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, हा नंबर तू कशाहीसाठी जवळ ठेव.

आता मिस्टरांचं. यूट्यूबवर सगळं आहे हे अगदी खरं आहे गं, त्यांना तेवढं श्रेय दे. अख्ख्या जगाला शिकवणाऱ्या खान अकॅडमीची सुरुवातसुद्धा अशीच झाली, सलमान खान (आपला वांद्र्याचा नव्हे!) २००४ साली आपल्या नात्यातल्या बहिणीला लांबून गणित शिकवत होता, मग नातेवाईक वाढले म्हणून व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला लागला. पण यूट्यूब हे किराणा दुकान आहे, सगळं मिळतं, स्वयंपाक काय करायचा ते आधी तुला ठरवून जावं लागतं. पिव्होट टेबलमध्ये (एक्सेलमध्ये मोठ्या यादीची गटवार बेरीज करून देणारा तक्ता) तारखा महिन्यावार का येत नाहीत असा नेमका काटा पायात रुतलेला असेल तर यूट्यूबसारखा न्हावी नाही, पाच मिनिटांत काढतो, आणि मराठीतसुद्धा चांगली मंडळी शिकवतात आता. पण सुरुवात कुठून करायची, कशानंतर काय, आणि काय शिकायची गरजच नाही, हे तो सांगत नाही. उलट एकाच्या शेजारी वीस दाखवतो आणि अर्ध्या तासाने तू पुरणपोळीच्या रीलवर असतेस. मिस्टरांना म्हणावं तुम्ही मला विषयांची यादी क्रमाने लावून द्या, मग मी यूट्यूबवरच शिकते. देतात का बघू.

आणखी एक प्रकार आहे जो तुझ्या पत्रात नाहीच आणि मला वाटतं तोच तुझ्यासारख्यांना सगळ्यात सोसतो. आठवड्याला थोडं थोडं उघडणारा, तारखा असलेला कोर्स. सरकारचं स्वयम पोर्टल आहे ना, २०१७च्या जुलैपासून चालू आहे, आणि त्यावरच आयआयटी नि आयआयएससी मिळून चालवतात त्या एनपीटीईएल उपक्रमाचे कोर्स असतात. शिकायला फुकट. दर आठवड्याला नवे धडे येतात आणि त्याची असाइनमेंट ठरलेल्या तारखेला बंद होते, म्हणजे बंदच. बारा आठवड्यांच्या कोर्सला बारातल्या उत्तम आठ असाइनमेंट धरतात, चार आठवड्यांच्याला चारातल्या तीन, म्हणजे सासरचं लग्न नि मुलाचा ताप यांच्यासाठी फट ठेवलीय त्यांनी, मला हे फार आवडतं. असाइनमेंटला २५ मार्क आणि परीक्षेला ७५, परीक्षा मात्र ऐच्छिक, तिची वेगळी फी, आणि ती प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यायची, त्यामुळे त्या सर्टिफिकेटला वजन आहे. तोटा? सर लोक आयआयटीचे, शिकवणं कॉलेजातल्यासारखं, इंग्रजी, गणित जास्त. काही कोर्सचं लेखी भाषांतर मराठीत मिळतं, पण सगळ्यांचं नाही. डाउट विचारला तर उत्तर येतं, पण आपल्या सवडीने येतं. आणि डेटा सायन्सचा कोर्स बघून लगेच उडी मारू नकोस, तो बहुतेक वेळा पायथनसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर असतो, तुला आत्ता त्याची गरज नाही. पुढच्या वर्षी.

नणंदेचं एम.कॉम. ही वेगळीच वाट आहे, ती शिकण्यापेक्षा कागदाची वाट आहे. यात कमीपणा काही नाही, कागद लागतो. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१पासून आहे, आपल्याकडे कितीतरी बायकांनी पोस्टाने नोट्स मागवून पदव्या घेतल्यात, त्याला आपण आयडॉल म्हणायचो, हल्ली सीडीओई म्हणतात, कलिनाला आहे. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९चं. यूजीसीच्या २०२०च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या विद्यापीठाची डिस्टन्सची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात, त्यामुळे 'डिस्टन्स म्हणजे कमी' असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. फक्त त्या वर्षी त्या विद्यापीठाच्या त्याच कोर्सला मान्यता आहे का ते यूजीसीच्या डेब म्हणजे डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर स्वतः बघायचं, एजंटच्या माहितीपत्रकावर नाही. पण तुझ्या ऑफिसात प्रमोशनला एम.कॉम. मागतात का? मागत असतील तर कर. डॅशबोर्डसाठी करत असशील तर दोन वर्षांनी तुझ्याकडे पदवी असेल आणि डॅशबोर्ड तरीही त्या नव्या मुलीच बनवत असतील.

मग तू काय करायचंस. मी तुझ्या जागी असते तर सहा आठवडे एक पैसा खर्च केला नसता. तो ४९९चा कोर्स आहे ना, त्यातला पिव्होट टेबलचा भाग तेवढा उघड, पहिल्यापासून बघायची शपथ कोणी घातलेली नाही, तुला जे येतं ते गाळ. (तो अगदीच रटाळ निघाला तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवर एक्सेलचं फुकट ट्रेनिंग आहे, छोटे छोटे तुकडे आहेत.) वायफायवर घरीच डाउनलोड करून ठेव. जाताना उभी असतेस तेव्हा फक्त ऐकायचं-बघायचं, एकच तुकडा, फार तर दोनदा. हात चालवायची अपेक्षाच ठेवायची नाही. येताना सीएसएमटीहून बसायला मिळतं ना, चौथी सीट का असेना, तेव्हा मोबाइल पर्समध्ये आणि छोटी वही बाहेर. सकाळी काय बघितलं ते आठवून लिहायचं, कुठल्या टॅबमध्ये जायचं, काय कुठे ओढायचं, चित्र काढलंस तरी चालेल. भायखळा यायच्या आत अडशील, अडू दे. जिथे अडलीस तेच उद्या सकाळी बघायचं. आम्ही त्या वेळात मटार सोलायचो, तू हे सोल.

आणि हाताचं काम कॉम्प्युटरवरच, दुसरीकडे नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतली शेवटची पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. रविवारी घरी तास मिळाला तर सोनं. घरी लॅपटॉप असेल पण एक्सेल नसेल तर लिब्रे ऑफिस फुकट आहे, गुगल शीट्स आहे, सुरुवातीला काही अडत नाही. सरावाला कोर्समधला तो अमेरिकन कंपनीचा सेल्सचा डेटा घेऊ नकोस, त्यात कोणाचाच जीव अडकत नाही. ऑफिसचा पगाराचा डेटा तर घरी आणूच नकोस, नोकरी जाईल. तुमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब माग. सेक्रेटरी आनंदाने देतील, कोणीतरी ते काम मागतंय म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यात पाणी येईल. कुठल्या विंगची थकबाकी किती, पाण्याच्या टँकरवर उन्हाळ्यात महिन्याला किती जातात, दोन वर्षांत लिफ्टने किती खाल्लं, हे सगळं पिव्होटमध्ये टाक. तुला रस वाटेल कारण तुझेच पैसे आहेत. थकबाकीदारांची नावं मात्र काढून नुसते फ्लॅट नंबर ठेव आणि ती फाइल ग्रुपवर टाकू नकोस, नाहीतर महाभारत होईल आणि माझं नाव येईल.

राहिली दांडी. तुझी दांडी कळणारं माणूस फुकटात मिळतं गं. तुझ्या डब्यातल्या रोजच्या मैत्रिणी असतील त्यातली एक जरी अकाउंट्स-बँकवाली असली तरी तिला धर, दोघी मिळून तोच तुकडा बघा, येताना एकमेकींना समजावून सांगा. ती नसेल तर ऑफिसातली ती पटापट करणारी नवी मुलगी. मला माहितीय हे जिवावर येतं, ती पंचवीसची, आपण छत्तीसच्या, तिला विचारायचं कसं. अगं तिला जीएसटीचं रिकन्सिलिएशन येतं का? तिला टीडीएसच्या नोटिशीला उत्तर लिहिता येतं का? तुला येतं. देवाणघेवाण कर, शुक्रवारी अर्धा तास, तिने तुझी फाइल बघायची, तू तिची. माझ्या गुरुजींनी माझी वही बघितली तसं. बहात्तर हजारांच्या क्लासमध्ये याच्यापेक्षा जास्त लक्ष तुझ्याकडे कोणी देणार नाहीये.

सहा आठवड्यांनी तुझ्याकडे सोसायटीचा एक डॅशबोर्ड तयार असेल, किंवा नसेल. असेल तर पॉवर बीआयसाठी (मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) शनिवारची छोटी बॅच शोध, आठ-दहा जणांची, आणि पैसे तेव्हा खर्च कर, रोख. नसेल तर निदान ७२,००० वाचले आणि कुठे अडलं तेही कळलं.

काउन्सेलरची ऑफर आज रात्री बारापर्यंतच आहे ना? त्याला सांग मी गटारी झाल्यावर बघते. तेव्हाही असेल.

आणि पहिल्या रविवारी किती झालं ते मला लिहून कळव. काहीच झालं नाही तरी कळव.